फुंकणी आणि कात्री

मला लोक आजही तिखट बाई म्हणतात. खोटं नाही ते. तोंड सुटलं की मला आवरत नाही, आणि हात तर तोंडाच्याही आधी चालतात. नर्सच्या नोकरीत हा गुणच आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा हिंगोलीचा जिल्हा झाला नव्हता, आमचा सगळा कारभार परभणीकडं तोंड करून चालायचा. मी नर्सिंग शिकून एका लहानशा दवाखान्यात नुकतीच लागले होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, इथं त्याचं काही काम नाही. दोन वॉर्ड, ऑपरेशनची एक खोली, भूल द्यायला एक तरुण डॉक्टर, आणि दर पंधरा दिवसांनी बाहेरगावाहून येणारे सर्जन. ते बुधवारी सकाळी यायचे, चार-पाच ऑपरेशनं उरकून दुपारच्या गाडीनं परत जायचे. ज्याचा नंबर हुकला तो पंधरा दिवस लटकला.

भूल ईथरची असायची. तारेची एक जाळीदार वाटी, तिच्यावर गॉजच्या घड्या. ती नाकातोंडावर धरायची आणि वरून बाटलीतून थेंब थेंब ईथर सोडायचं. त्या वासानं मोठ्या माणसाचाही जीव घाबरा होतो. चार-पाच वर्षांच्या लेकराला तर वाटायचं, आपल्याला गुदमरून मारून राहिले. मग दोघांनी पाय धरायचे, एकानं हात, मी डोकं. लेकरू किंचाळून किंचाळून थकलं की झोपायचं. घरचे लोकही धन्य. "फोटो काढायला चाललो", "बाजारला चाललो" असं काहीबाही सांगून लेकराला आत धाडायचे. आत आल्यावर त्याला कळायचं की सगळ्यांनी मिळून आपल्याला फसवलं, आणि मग ते देवाचंही ऐकायचं नाही.

मला ते बघवेना. एकदा घरी आईला चूल फुंकताना बघितलं आणि डोक्यात आलं, हे तर सगळ्या लेकरांना येतं. खेड्यातलं कुठलंही पोरगं चालायला लागलं की आईच्या हातातली फुंकणी ओढतंय. मी आमच्या घरातली लोखंडी फुंकणी उचलली, घासून लख्ख केली, उकळून घेतली आणि वॉर्डात नेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेकराच्या खाटेवर बसायचं, समोर कापसाचा पुंजका ठेवायचा आणि म्हणायचं, फुंक, उडव. पुंजका उडाला की लेकरू हसायचं. मग त्या जाळीच्या वाटीतून फुंकायला लावायचं. उद्या याच्यातून वास येईल, घाण वास येईल, तू जोरात फुंकायचं आणि परत ओढायचं, म्हणजे झोप लागेल. उठल्यावर दुखेल. मी असेन. खोटं एक अक्षर सांगायचं नाही, हा माझा नियम. दहातली सात लेकरं तरी फुंकत फुंकत झोपायला लागली. तरुण डॉक्टर मला "फुंकणीवाल्या सिस्टर" म्हणून चिडवायचे, आणि मी वर वर रागावले तरी आतून फुगायचे.

आता कात्रीचं सांगते.

लेकरांच्या अंगावर काय काय असायचं म्हणून सांगू. गळ्यात काळा दोरा, दंडात गंडा, कंबरेला करदोटा, त्यात बिबा, वाघनख, पिराचा ताईत. ऑपरेशनच्या खोलीत हे काही चालायचं नाही, आणि ते बराबरच होतं. काढा म्हणलं की आया "व्हय व्हय" म्हणायच्या आणि पदराआड परत बांधायच्या. म्हणून मी एप्रनच्या खिशात कात्री ठेवायचे. खोलीत न्यायच्या आधी व्हरांड्यातच दिसेल तो दोरा कट् करून कापायचा आणि बादलीत टाकायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. त्या कापण्यात मला एक समाधान होतं, आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी जेमतेम चार-पाच वर्षांची होते. बाळापूरच्या बाजूला आमचं खेडं. घरातले देव, दोरे, गंडे सगळे त्यांनी गाठोडं बांधून बाहेर काढले. पण त्यांनी आधी कात्रीनं स्वतःचा दोरा तोडला, मग मला मांडीवर घेऊन विचारलं, तुझा तोडू का? मी न्हाई म्हणले तर दोन दिवस थांबले आणि परत विचारलं. मी वडलांची कात्री तेवढी उचलली, ते थांबणं उचललंच नाही.

त्या बुधवारी यादीत पाच वर्षांचा एक पोरगा होता, साखऱ्याच्या बाजूचा. मूतखडा. खडा लघवीच्या पिशवीत बसलेला. लघवीला झाली की पोरगं भिंतीला डोकं लावून नाचायचं, इतकं दुखायचं त्याला. म्हणून त्यानं पाणी प्यायचंच सोडलं होतं. ओठांना चिरा पडलेल्या. मागच्या पाळीला ताप होता म्हणून त्याचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. आता आणखी थांबलं तर मूत्रपिंड खराब होतील, असं सर्जन स्पष्ट म्हणाले होते. त्याची आई बारीक चणीची, अबोल बाई. कोरडवाहू शेती, बाप खळ्यावर, त्यामुळं ही एकटीच लेकराला घेऊन आलेली. याच्या आधीची दोन लेकरं पाठोपाठ गेली, हे तिनं मला विचारल्यावर सांगितलं, तेही खाली बघून.

आदल्या दिवशी पोरगं माझ्यावर खूश. फुंकण्यात तर उस्ताद. घरी आईची चूल तोच पेटवायचा म्हणे. कापसाचा पुंजका त्यानं शेजारच्या खाटेपर्यंत उडवला. "बाई, आजून लांब ठिवा," म्हणाला. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याचा एक ताईत होता, शेंगदाण्याएवढा, घासून घासून गुळगुळीत झालेला. मी आईला म्हणलं, "हे सकाळी काढून ठेवायचं." ती म्हणाली, "जन्मापसून गळ्यातून निघालं न्हाई बाई ते. न्हाऊ घालतानीबी न्हाई." मी म्हणलं, "मग आता निघंल," आणि पुढच्या खाटेकडं गेले.

बुधवारी सकाळी यादीत पहिली एक मुलगी होती, मानेवरची गाठ काढायची. व्हरांड्यात बाकड्यावर हे मायलेक बसले होते, शेजारी ती मुलगी. तिच्या गळ्यात दोरा दिसला. मी कात्री काढली, कापला, बादलीत टाकला. मुलगी रडायला लागली, तिची आजी पुटपुटली. मी म्हणलं, "दोरा कापला, मान न्हाई कापली." एवढं बोलून मी तिला आत घेऊन गेले. बाकड्यावरची बाई आणि तिचं पोरगं सगळं बघत होते. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

मुलीचं झालं. मी पोराला न्यायला बाहेर आले तर त्याच्या गळ्यात दोरा नव्हता. दंड बघितला, कंबर बघितली, काही नाही. मला वाटलं, बाई शहाणी आहे, स्वतःहून काढून ठेवलं. पोरगं इतकं शांत की काय सांगू. रडणं नाही, आईच्या गळ्यात पडणं नाही, ओठ घट्ट मिटून माझा हात धरून चालायला लागलं. आई मात्र उभी राहिली आणि पदर तोंडाशी धरून त्याच्याकडं बघत राहिली. खोलीत शिरताना मी तरुण डॉक्टरांना म्हणाले, "बघा, असं तयार करावं लागतं लेकरू." हे माझे शब्द मला अजून ऐकू येतात आणि अजून कान गरम होतात.

टेबलावर झोपवलं. वर मोठा दिवा, भिंतीशी सर्जन कोपरापर्यंत हात धूत होते. मी पोराच्या डोक्याशी. डॉक्टरांनी वाटी ठेवली. मी म्हणले, "चल राजा, फुंक." त्यानं फुंकलं नाही. पहिला थेंब पडला. "फुंक की, काल कसं फुंकत होतास." दुसरा थेंब. तो नाकानं बारीक बारीक श्वास घेत होता आणि डोळे माझ्यावर रोखलेले. मला राग आला. एवढं शिकवलं आणि ऐन वेळेला हट्ट. "तोंड उघड म्हणलं ना," मी आवाज चढवला. त्यानं मान जोरात हलवली, वाटी सरकली, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात मला काळं काही दिसलं. केस असेल म्हणून मी बोट लावलं. केस नव्हता. दोऱ्याचं टोक होतं.

भूल चढली की माणसाचा गळा ढिला पडतो. तोंडात जे असेल ते घसरून सरळ श्वासनळीत जातं. म्हणून तर हलणारा दातसुद्धा आधी बघतात. मी आदल्या संध्याकाळी त्याचं तोंड बघितलं होतं, पण सकाळी परत बघायचं असतं ते बघितलं नव्हतं. पोरगं शांत होतं ना, माझ्या फुंकणीनं शांत झालं होतं ना, मग कशाला बघायचं. शेंगदाण्याएवढा तांब्याचा तुकडा, त्या लेकराच्या गालात. आणखी दहा-बारा थेंब पडले असते तर तो आत गेला असता, आणि आमच्याकडं तो बाहेर काढायचं कुठलंही साधन नव्हतं.

"थांबा," मी म्हणले. डॉक्टरांनी वाटी उचलली. मी दोऱ्याचं टोक दाखवलं. ते पांढरेफटक पडले. "जबडा उघडू का?" ते हळूच म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. टोक नखाएवढं होतं, चिमटीत येण्यासारखं नाही. बोट घातलं असतं तर तो चावला असता, रडला असता, आणि रडताना लेकरू पहिला श्वास केवढा मोठा ओढतं हे ज्यानं लेकरं बघितलीत त्याला माहीत आहे. त्याला रडू द्यायचं नव्हतं. काहीही झालं तरी रडू द्यायचं नव्हतं. ईथरच्या दोन थेंबांनीच त्याचे डोळे ओले झाले होते आणि हनुवटी थरथरत होती.

मी सगळा आवाज गोळा करून गोड केला. "बाळा, तोंडात काय हाय? दे मला, मी नीट सांभाळते."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. आणि त्याची नजर माझ्या खिशाकडं गेली. कात्रीचं टोक खिशातून बाहेर आलेलं. मग कोपऱ्यातल्या बादलीकडं गेली. परत माझ्याकडं. पाच वर्षांच्या पोरानं मला एक शब्द न बोलता सांगितलं की तू खोटं बोलून राहिलीस. जिनं खोटं बोलायचं नाही असा नियम केला होता, तिला.

सर्जन मागून म्हणाले, "काय चाललंय? वेळ नाही मला." मी डॉक्टरांना म्हणले, "त्याला हात लावू नका, फक्त डोकं थोडं एका कुशीवर ठेवा," आणि बाहेर पळाले.

व्हरांड्यात ती बाई बसलेली. मला पळत येताना बघून ती उभी राहिली आणि परत खाली बसली. तिला वाटलं, संपलं. मी तिचा दंड धरला. "जिवंत हाय. चला आत." दारात सर्जन ओरडले की नातेवाईक इथं कशाला. मी म्हणले, "साहेब, पोराच्या तोंडात ताईत हाय, हिच्याशिवाय तो कुणालाच देणार न्हाई." ते म्हणाले, "पाय धुऊन आणा."

पाय धुऊन, अंगाभोवती चादर गुंडाळून मी तिला टेबलापाशी उभं केलं. पोरानं आईला बघितलं आणि हनुवटी आणखी थरथरली. मी म्हणले, "बाई, त्याला हातावर थुंकायला सांगा. लवकर."

ती हलली नाही. "म्या न्हाई सांगणार," म्हणाली. आवाज बारीक, पण पक्का. "ते निघालं की लेकरू जातंय."

"तोंडात राहिलं तर जातंय," मी म्हणले. मी तिच्यावर ओरडू शकले असते, ओरडायला माझी जीभ शिवशिवत होती. नाही ओरडले. जन्मात पहिल्यांदा मी कामाच्या वेळी एका बाईला सगळं समजावून सांगितलं. भुलीनं गळा कसा ढिला पडतो, तांबं कुठं जाऊन अडकेल, मग श्वास कसा बंद पडेल. "झोपवू नका मंग," ती म्हणाली. "न झोपवता कापायचं का? आन् न्हाई कापलं तर ते भिंतीला डोकं लावून किती दिवस नाचंल? तुमी बघू शकता का?" तिनं डोळे मिटले.

"तुमच्या मुठीत ठेवा," मी म्हणले. "मूठ त्याच्या डोक्याला लावून इथंच उभ्या रहा. तो झोपेपर्यंत कुणी तुमाला बाहेर काढणार न्हाई." असं वचन द्यायचा मला काही अधिकार नव्हता. घरच्या माणसानं भूल देताना आत थांबायचं ही गोष्ट तेव्हा कुणी ऐकलीही नव्हती. मी सर्जनकडं बघितलं. ते हात वर धरून उभे होते, कोपरावरून पाणी गळत होतं. मग म्हणाले, "थांबू द्या तिला."

तिनं पोराच्या हनुवटीखाली तळहात धरला. "दे माय, माझ्या हातावर दे. म्याच हाय." पोरानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ओठ उघडले. दोऱ्याचा गोळा बाहेर आला, पण नुसता दोराच. ताईत अजून गालातच. मग त्यानं जीभ पुढं काढली आणि ताईत तिच्या हातावर पडला, लाळेसकट. तिनं मूठ मिटली. डॉक्टरांनी त्याच्या गालातून, जिभेखालून बोट फिरवून बघितलं आणि माझ्याकडं बघून मान डोलावली.

वाटी परत ठेवली. माझं बोलणं आता त्याच्या कामाचं नव्हतं. आईच त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "चूल विझून राहिली बघ. फुंक." तो फुंकायला लागला. जोरात, मग हळू, मग आणखी हळू. डोळे वर गेले तशी ती दचकली. "गेलं का?" तिनं मला विचारलं. मी तिचा मोकळा हात धरून त्याच्या छातीवर ठेवला. छाती वरखाली होत होती. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग स्वतःहून बाहेर गेली.

खडा बोराएवढा निघाला. ऑपरेशन चांगलं झालं, पोरगं संध्याकाळी शुद्धीवर आलं, ओकलं, रडलं, पाणी मागायला लागलं. मी वॉर्डात जाऊन बाईला विचारलं, "अहो, पण तोंडात? तोंडात ठेवायचं कुठून सुचलं तुमाला?" माझ्या आवाजात दटावणी होती, सवय कुठं जाते.

ती म्हणाली, "गळ्यात ठिवू देत न्हाई. दंडात न्हाई. कंबरंला न्हाई. तुमी त्या पोरीचं कापून फेकून देलं तवा मंग माझ्याकडं जागाच कोणती राहिली बाई? काहून कापलं तुमी, इचारलं बी न्हाई." ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. मी "पाणी चमच्यानंच द्या" एवढं बोलून निघून आले, आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडले. भीतीनं रडले, लाजेनं रडले. वडील असते समोर तर त्यांना तोंड दाखवू शकले नसते.

पुढं आमच्याकडं रीत बदलली. दोरा आईनंच काढायचा, आईनंच स्वतःच्या मनगटाला बांधायचा, आणि लेकरू झोपेपर्यंत आई डोक्याशी. सर्जननी दोन-तीनदा कुरकुर केली, मग त्यांनाही सवय झाली. लेकरं कमी रडायला लागली, हे त्यांनाही दिसत होतं. मला कुणी चांगलं म्हणलं की मी ते घ्यायचे नाही.

कारण तो पोरगा आठ दिवस वॉर्डात होता. टाके सुकत होते, पाणी गटागटा प्यायचा, शेजारच्या खाटांवरच्या माणसांशी हसायचा. मी फुंकणी नेली तर हातात घेतली नाही. गोळ्या द्यायला, ताप बघायला, नुसती शेजारून जायला जरी मी त्याच्या खाटेजवळ आले, तरी तो हसणं थांबवायचा, सरळ बसायचा आणि मी काही न विचारता तोंड उघडायचा. आ करून, जीभ वर उचलून, बोटानं एक गाल ओढून दाखवायचा, मग दुसरा. मी "न्हाई रे राजा, न्हाई बघायचं मला" म्हणत राहायचे, आणि मी तिथून हलेपर्यंत तो तोंड मिटायचा नाही.